बुटात हवा पाठवायची नाही

बूट हातात आला की मी अजून आत हात घालून बघतो. कोणाचाही असो. बायको म्हणते, "अहो, विंचू शोधताय का? न्युरेम्बर्गात विंचू नसतात." मी काय विंचू शोधत नाही. बूट रिकामा आहे का ते बघतो. ही सवय कुयांनी लावली. सवय लावणारा माणूस गेला, सवय राहिली.

कुया म्हणजे फिलिपिन्सच्या लोकांच्या भाषेत दादा, थोरला भाऊ. तिकडच्या सगळ्या नर्सा त्यांना कुया म्हणायच्या, म्हणून मला वाटलं हेच त्यांचं नाव. दीड वर्ष मी त्यांना "हेर कुया" म्हणत होतो, म्हणजे श्रीयुत दादा. कोणी सांगितलं नाही, त्यांनीही नाही. त्यांना आवडत असावं.

माझं सांगायचं तर मी नववी नापास. तेही दोनदा, म्हणजे अनुभव दांडगा. सासवडला टेम्पो चालवायचो, लोकांची घरं इकडून तिकडे हलवायचो. बायको नर्स. ती जर्मन शिकली, परीक्षा पास झाली, इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाइममध्ये लागली, आणि मी तिच्या मागून आलो. आमच्याकडे नवरा पुढे जातो आणि बायको मागून पोळ्यांचा तवा घेऊन येते. आमच्यात तवा घेऊन मी आलो. इथली बाकीची मराठी मंडळी इंजिनियर. गणपतीला जमली की एकमेकांना विचारतात, तुम्ही कुठल्या कंपनीत, तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर. मला विचारलं की मी सांगायचो, "लॉजिस्टिक्स." लॉजिस्टिक्स म्हणजे खोकी उचलणं.

खोकी कुयांची. बायकोबरोबर काम करणाऱ्या फिलिपिनो नर्सेसनी मला त्यांच्याकडे नेऊन सोडलं. रेल्वेच्या मालधक्क्यामागे त्यांचा एक लांबलचक हॉल होता. धंदा साधा. ह्या नर्सा, घरकाम करणाऱ्या बाया, जहाजावरचे लोक, सगळे गावाकडे खोकं पाठवतात. कमरेएवढं मोठं खोकं. महिनोन्‌महिने भरत राहतात. साबण, टॉवेल, चॉकलेट, डब्यातलं मांस, शाम्पू, शाळेची दप्तरं. मग ते खोकं समुद्राने जातं, अडीच-तीन महिने लागतात. भाडं खोक्याच्या मापावर, वजनावर नाही. त्यामुळे खोक्यात जागा रिकामी राहिली की कुयांच्या पोटात दुखायचं.

"बुटात हवा पाठवायची नाही," ते म्हणायचे. "हवा तिकडे आहे. भरपूर आहे. बुटात मोजे घाल, मोज्यात साबण घाल."

पहिल्याच दिवशी मी एक खोकं उलटं उचललं. खालची पट्टी सुटली आणि मांसाचे डबे जिन्यावरून एकेक पायरी मोजत खाली गेले. मी सासवडला घरं हलवायचो असं आदल्या दिवशीच छाती फुगवून सांगितलं होतं. कुया वर आले, एक डबा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं, माइस्टर आला."

इथे माइस्टर म्हणजे लहानसहान माणूस नव्हे. सुतारकामाचा माइस्टर, पावाच्या भट्टीचा माइस्टर. वर्षानुवर्षं शिकायचं, परीक्षा द्यायची, मग सर्टिफिकेट भिंतीवर लागतं. त्या दिवसापासून मी माइस्टर. चिडवायला म्हणाले असतील, पण नंतर चिडवणं निघून गेलं आणि नाव तेवढं राहिलं.

कुया माणूस बुटका, काटकुळा. केसांना पाणी लावून भांग पाडलेला, आणि गळ्यात कायम टाय. खोकी उचलताना टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचायचे. तरुणपणी जहाजावर आचारी होते. एका नर्सवर जीव जडला, तिच्या मागून न्युरेम्बर्गला आले आणि राहिले. म्हणजे तेही बायकोच्या मागून आलेले. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. मी त्यांना म्हणलं, "कुया, मग तुम्ही पण तवा घेऊन आलात?" त्यांना काय कळणार. ते म्हणाले, "गेनाऊ."

गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. कुया प्रत्येक वाक्याच्या शेवटी गेनाऊ लावायचे, समोरचा चूक असला तरी. "तू गाढव आहेस, गेनाऊ." "हे खोकं असं जाणार नाही, गेनाऊ." आमचं सगळं बोलणं जर्मनमध्ये. त्यांचं चाळीस वर्षं वापरून झिजलेलं, माझं न वापरता गंजलेलं. तरी अडलं कधी नाही.

खोकं बंद करायच्या आधी ते यादी मोठ्याने वाचायचे, शाळेत हजेरी घेतात तशी. आत काय आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. कोणाला आहे ते विचारायचे.

"सँडल कोणाला?"

"धाकट्या बहिणीला, कुया."

"मागच्या वर्षी पण हाच नंबर होता. तिचे पाय वाढले नसतील का? बदलून आण."

आणि ती पोरगी मुकाट्याने जाऊन बदलून आणायची. कोणाची बहीण किती वर्षांची, कोणाच्या बापाला गोड चालत नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. सगळं नीट झालं की झाकणावर तळहाताने दोनदा थापटायचे आणि म्हणायचे, "पोहोच." जसं काही बैलाला हाकलतायत. मग मी पट्टी मारायची.

ह्या सगळ्यातून ते तिकडे फिलिपिन्समध्ये खासदार कसे झाले हे मला गणपतीतले इंजिनियर विचारतात. त्यांना वाटतं पैसेवाला माणूस, हौस आली असेल. तसं नव्हतं.

एक बाई होती. कुयांच्याच बेटावरची. इथे एका जर्मन कुटुंबात आजीला सांभाळायची. आमच्याकडे तिचं खोकं भरलं. आईला पंखा, भाच्यांना रंगपेट्या. फार हसरी बाई. मला म्हणाली, "माइस्टर, पंखा मोडला तर मी तुझं डोकं मोडीन." त्यानंतर आठवड्याभरात ती गेली. बसल्या जागी, हृदय थांबलं. मग तिचं शव घरी पाठवायचं कोणी, ह्याच्यावर कागद फिरायला लागले. हे आम्ट, म्हणजे सरकारी ऑफिस, म्हणे त्यांनी सही करावी, ते म्हणे ह्यांनी. कुया रोज टाय लावून एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात. आणि तिकडे समुद्रात खोकं आपलं चाललंच होतं.

खोकं आधी पोहोचलं.

आईने ते उघडलं, पंखा लावला, आणि कुयांना फोन केला. कुयांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, हात खोक्यात होते म्हणून. ती काय बोलली ते मला कळलं नाही. हॉलमधल्या सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या तेवढं कळलं. नंतर एकीने मला जर्मनमध्ये सांगितलं. आई म्हणाली होती, "तुमच्या खोक्याला आमच्या घराचा रस्ता माहीत आहे. माझ्या मुलीला कसा माहीत नाही?"

कुया मागे असलेल्या रिकाम्या खोक्यावर बसले. ते खोकं त्यांच्याखाली दबलं आणि ते जमिनीवर आले. कोणी हसलं नाही. मीही नाही, आणि मी कशालाही हसतो.

मग ते उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "मी तिकडे जाऊन कायदा करतो." दूध आणायला जातो म्हणावं तसं. तेव्हा मात्र मी हसलो. मला वाटलं धक्का बसलाय, दोन दिवसांत उतरेल.

उतरला नाही. त्यांच्याकडे खासदार व्हायचं तर दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. कुया इतक्या वर्षांत जर्मन झाले होते. एक दिवस सकाळी हॉलच्या टेबलावर त्यांनी तो लाल पासपोर्ट ठेवला आणि म्हणाले, "हा परत करायला चाललोय."

मी म्हणलं, "कुया, इथे यायला लागते ती सगळ्यात सोपी भाषेची परीक्षा, ती मी तिसऱ्यांदा पास झालो. हे पुस्तक मिळायला मला अजून सात जन्म लागतील. आणि तुम्ही परत देताय?"

"तुला देता आला असता तर तुलाच दिला असता. गेनाऊ."

त्यांची एकुलती एक मुलगी हॅम्बुर्गला असते. इथेच वाढलेली, बापाशी जर्मनच बोलायची. ती चिडली. तिचं म्हणणं होतं, आई इथे आहे, मी इथे आहे, आणि तुम्ही मतं मागायला चाललात. मला तिचंही खोटं वाटलं नाही.

आई इथे आहे म्हणजे फ्रीडहोफमध्ये, कबरस्तानात. कुयांची बायको मी यायच्या आधीच वारली होती. मी तिला बघितलं नाही. पण कुया दादा, तर ती वहिनी, एवढा हिशोब मला येतो. जायच्या आदल्या दिवशी कुया मला वहिनींकडे घेऊन गेले.

आजूबाजूला सगळे गुळगुळीत, चकाकणारे दगड. वहिनींचा मात्र ओबडधोबड, काळा, कशाचाही आकार नसलेला. त्यांच्या माहेरच्या समुद्रकाठचा. नाव एका छोट्या पितळी पट्टीवर. कुया म्हणाले, "सगळी खोकी इकडून तिकडे गेली. तिकडून इकडे आयुष्यात एकच आलं. त्यात होता हा."

शेजारी एका जर्मन म्हातारीची कबर. वहिनींनी हाइममध्ये तिची सेवा केलेली. म्हातारीचं कोणी नव्हतं. वहिनी आजारी पडल्या तेव्हा कुयांना म्हणाल्या होत्या, "तुझं काय, आज इथे तर उद्या तिथे. मला एका जागी राहू दे. म्हातारीच्या शेजारी ठेव."

कुयांनी मला काम सांगितलं. "पाणी घाल. पानं काढ. दगड स्वच्छ ठेव. आणि माझं काही पत्र आलं तर खोक्यात टाक." त्यांचा पत्ता आता आमच्या घराचा दिला होता. हॉल त्यांच्या भाच्याकडे गेला, मी तिथेच राहिलो.

मी म्हणलं, "काळजी करू नका. वहिनी माझ्याकडे."

आता इथे माझी अक्कल सांगायला पाहिजे. आमच्यात राख सावडली, नदीत सोडली की संपलं. जागा अडत नाही, कागद लागत नाही. त्यामुळे मला वाटायचं की पुरलेलं माणूस म्हणजे कायमचं. ठरावीक वर्षं झाली की कबरीची मुदत संपते, ती वाढवून घ्यावी लागते, नाहीतर जागा मोकळी करतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मेलेल्या माणसाला कोणी घर खाली करायला सांगेल, असं कसं डोक्यात येणार?

तिकडे कुया निवडून आले. सभेत रिकामं खोकं घेऊन उभे राहायचे आणि लोकांना विचारायचे, तुमचं परदेशातलं माणूस परत आलं तर पहिल्यांदा त्याच्याशी काय बोलाल, सांगा, मी ह्यात भरतो. लोक रडायचे. विरोधी लोक म्हणायचे, स्वतःची बायको जर्मन मातीत टाकून आलेला माणूस आपल्याला मेलेली माणसं घरी आणायला शिकवतोय. कुया मला व्हिडिओवर हे सांगायचे आणि म्हणायचे, "गेनाऊ." शपथ घेतानाचा फोटो पाठवला त्यात टायचं टोक शर्टात खोचलेलं. कोणीतरी सांगायला हवं होतं.

मी इकडे दर पंधरा दिवसांनी वहिनींकडे जायचो. एकदा बघतो तर दगडावर पिवळा स्टिकर. मला वाटलं जाहिरात. आपल्याकडे विजेच्या खांबावर केसगळतीच्या औषधाची लावतात तशी. जर्मन लोक एवढे शिस्तीचे आणि मेलेल्यांवर जाहिरात! मी घरी आलो, उलथणं घेऊन गेलो आणि घासघासून काढला. दगड खडबडीत, चिकट जाईना. गरम पाणी नेलं. स्वच्छ झाल्यावर फोटो काढून कुयांना पाठवला. त्यांनी लाल बदाम पाठवला.

दोन-अडीच महिन्यांनी परत स्टिकर. मोठा. मी परत काढला, लावणाऱ्याच्या सात पिढ्यांना मराठीत आठवून. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तर बायकोचं नेलपॉलिश काढायचं औषध अख्खं संपवलं.

आणि पत्रं आली. दोन. कुयांच्या नावाची, खिडकीवाल्या पाकिटातली. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नसतं, एवढे संस्कार माझ्यावर आहेत. नको तिथेच कसे आहेत देव जाणे. बायकोला दाखवलीही नाहीत. कुयांनी सांगितलं होतं खोक्यात टाक. त्यांच्यासाठी एक खोकं भरत होतो, त्यात तपकिरी बुटांचा जोड होता. बुटात हवा पाठवायची नाही. एक पत्र उजव्यात घातलं, एक डाव्यात. वर मोजे. झाकणावर दोनदा थापटलं आणि म्हणलं, पोहोच.

मग दोनेक महिन्यांनी मी आईच्या आजारपणात दीड महिना सासवडला गेलो. परत आलो, वहिनींकडे गेलो, आणि मला दगड सापडेना.

आधी वाटलं रांग चुकली. मागे गेलो, परत मोजत आलो. म्हातारी होती. म्हातारीच्या शेजारी माती. नुकतीच सारखी केलेली, दाताळ्याच्या रेघा होत्या. मी हातातलं पाणी त्या मातीवर घातलं. काय करावं ते कळेना म्हणून.

बायको ड्यूटीवरून थेट आली, हाइमच्या कपड्यांतच. आम्ही कबरस्तानाच्या ऑफिसात गेलो. टेबलामागची बाई वाईट नव्हती. कॉम्प्युटरवर बघून बायकोला सगळं सांगत होती, आणि बायकोचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता. मुदत संपली होती, म्हणून वरचा दगड काढला होता; खाली मातीत वहिनी तशाच होत्या. दोन पत्रं पाठवली. दगडावर तीन वेळा स्टिकर लावला, की संबंधितांनी ऑफिसात यावं. "आणि तिन्ही वेळा," बाई म्हणाली, "कोणीतरी मुद्दाम काढून टाकला. कोण असं करतं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला नेलपॉलिशच्या औषधाची बाटली आठवली असणार.

मी म्हणलं, "इश." म्हणजे मी. एवढं बरोबर जर्मन मी आयुष्यात बोललो नव्हतो.

कुयांना फोन केला तेव्हा तिकडे दुपार होती, ते सभागृहातून बाहेर आले होते. मी सगळं सांगितलं. स्टिकर, उलथणं, पत्रं, बूट. रडत सांगितलं की हसत ते आठवत नाही, तोंड वेडंवाकडं झालेलं आठवतं. मग त्यांनी विचारलं, "बूट कोणते?"

"तपकिरी."

"ते मी वाटले. वादळ झालं होतं. एका होडीवाल्याला दिले." मग म्हणाले, "मी येतो."

पण ते येणार कसे? ज्या माणसाने लाल पासपोर्ट टेबलावर ठेवला होता त्याला आता व्हिसा लागत होता. त्यात दिवस गेले. तेवढ्यात मी परत त्या ऑफिसातल्या बाईकडे गेलो आणि विचारलं, दगड कुठे? तिने मागच्या आवाराकडे हात केला. काढलेले दगड तिथे ढीग करून ठेवतात, मग ट्रक येतो आणि त्यांची खडी होते, रस्त्याला. चकाकणारे दगड लगेच ओळखू येतात, त्यांच्यावर नावं असतात. वहिनींची पितळी पट्टी निघून गेली होती. आणि खाली सगळे ओबडधोबड तुकडे, फुटलेले कठडे, चिखल. तीन शनिवार मी तिथे दगड उलटेपालटे करत होतो. तिथला माळी मला बघून डोक्याला हात लावायचा.

तिसऱ्या शनिवारी एक काळा दगड उलटला, आणि त्याच्यावर ओरखडे. एका दिशेचे, बारीक, पांढरे. उलथण्याचे. आणि एका कोपऱ्यात चिकटाचा पिवळा डाग, जो मला तिन्ही वेळा गेला नव्हता.

मी मूर्खपणा केला नसता तर तो दगड मला ओळखता आला नसता, असं कोणाला वाटेल. पण मी मूर्खपणा केला नसता तर तो तिथे नसताच. मी त्याला मांडीवर घेऊन बसलो.

कुया आले ते एकटे. बरोबर सेक्रेटरी नाही, कोणी नाही. विमानतळावर परदेशी लोकांच्या लांब रांगेत उभे राहून बाहेर आले, टाय लावून. वाकले होते. मी पाया पडायला वाकलो, तर ते म्हणाले, "माइस्टर, काय पडलं खाली?"

आमच्याकडेच उतरले. त्यांच्या फोनला उसंत नव्हती. पक्षाचे लोक. एकदा बराच वेळ ते ऐकत राहिले, मग फोन ठेवून चहा ओढला.

"काय म्हणतात?" बायकोने विचारलं.

"म्हणतात, तिला घेऊनच या. जागा मोकळी झालीच आहे, तिला तिथे ठेवायचं कारण नाही. विमानतळावर कॅमेरे येतील. कायदा आठवड्यात पास होईल."

त्यांचा कायदा अडकून पडला होता हे आम्हाला माहीत होतं. त्यासाठीच तर सगळं सोडलं होतं त्यांनी. मला वाटलं हो म्हणतील. म्हणायलाच पाहिजे असंही वाटलं. मनातून मला सुटकाही वाटली असती, खोटं कशाला बोलू.

"कायदा ज्यांना घरी यायचंय त्यांच्यासाठी," कुया म्हणाले. "ती घरीच आहे. जागा तिने सांगितलेली."

गेनाऊ म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. ती जागा अजून कोणाला दिली नव्हती, परत घेता येत होती. पण इथला पत्ता असलेलं माणूस पाहिजे, ज्याच्या नावावर होईल, ज्याला पत्र पाठवता येईल. कुयांकडे आता इथला पत्ता नव्हता. मुलीला त्यांनी बाहेर जाऊन फोन केला. लवकर आत आले.

"ह्याच्या नावावर करा," म्हणाले, आणि बोट माझ्याकडे.

ऑफिसातल्या बाईने बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे, मी मागे बघितलं कोणी उभं आहे का.

"कुया, मी? मीच तर घालवली. मला वाचता येत नाही, मला..."

"मला येतं," ते म्हणाले. "मला हजारो खोक्यांचे नंबर पाठ होते. तिची मुदत कधी संपते ते मी विसरलो. मुलीला वाचता येतं. ती एकदा आली असती तर स्टिकर वाचला असता. तू तीन वेळा काढलास. म्हणजे तीन वेळा तू तिथे होतास."

बाईने कागद छापला. माझं अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट, आणि खाली शिक्का. सही करताना बायको माझ्या कानात म्हणाली, "अहो, ह्यावरचं वर्ष बघितलंत का? तोपर्यंत आपल्याला इथेच राहावं लागेल." आम्ही दर वर्षी म्हणतो, अजून दोन वर्षं आणि मग सासवड. मी वर्ष बघितलं. आकडे मला वाचता येतात. सही केली.

दगड मी आणि कुयांनी मिळून बसवला. म्हणजे मी उचलला आणि त्यांनी टाय खोचला. नीट बसल्यावर त्यांनी दगडावर तळहाताने दोनदा थापटलं. मी वाट बघत होतो ते "पोहोच" म्हणतील. ते त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले, छोटंसं. मी विचारलं नाही.

तो कागद आमच्या भिंतीवर आहे, काच लावून. नववी नापास माणसाला मिळालेलं एकमेव सर्टिफिकेट. गणपतीला कोणी इंजिनियर घरी आला की विचारतो, हे काय? मी सांगतो, माइस्टरचं.

कायदा पुढच्या वर्षी झाला. कॅमेऱ्याशिवाय. फोनवर एका वाक्यात सांगितलं त्यांनी, आणि लगेच विचारलं, "स्टिकर आहे का?" दर रविवारी हेच विचारायचे. मी म्हणायचो, नाही. मग फोन ठेवायचे.

एका रविवारी फोन आला नाही. सोमवारी त्यांच्या ऑफिसातून आला. एका मुलीने हळूहळू, सोप्या जर्मनमध्ये सांगितलं, मला कळावं म्हणून. कुयांनी तिला तसं सांगून ठेवलं असणार.

बायको म्हणाली, "मी येते बरोबर." मी म्हणलं, नको. नात्यातल्या माणसाला असं कोणीतरी जाऊन सांगायचं असतं, आणि कागदावर नाव माझं आहे.

ट्राममध्ये मी जर्मन वाक्य पाठ करत होतो. वहिनींना मराठी येत नव्हतं. पण तिथे उभा राहिल्यावर ते वाक्य गेलं. दगड ओला होता, ओरखड्यांत पाणी साचलं होतं. मी टोपी काढली.

"वहिनी," म्हणलं, "कुया गेले."

आयुष्यभर तोंड चालवलं, आणि लागेल तेव्हा तीन शब्द. पानं काढली, पाणी घातलं. मग दगडावर तळहाताने दोनदा थापटलं.

निघताना शेजारी नजर गेली. म्हातारीच्या दगडावर पिवळा स्टिकर. नवा कोरा, एक कोपरा वाऱ्याने हलत होता.

मी गुडघ्यावर बसलो आणि वाचला. एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोन शब्द अडले, ते परत वाचले. कळलं सगळं.

काढला नाही. हलणारा कोपरा अंगठ्याने दाबून नीट चिकटवला, आणि ऑफिसकडे चालायला लागलो.